साओ पाउलो व्हाया मनमाड

ऑनसाईटहून परतलेला माणूस ओळखायची एक सोपी खूण आहे. भेटल्यावर पहिल्या दहा मिनिटांत तो 'कॉस्मोपॉलिटन' हा शब्द वापरतो. टोरांटो कसलं कॉस्मोपॉलिटन आहे, सिंगापूर कसलं कॉस्मोपॉलिटन आहे, एका गल्लीत सहा देशांची सहा रेस्टॉरंट्स, टीममध्ये दहा देशांची माणसं... मग फोनमधले फोटो. मग एक सुस्कारा, आणि "आपल्याकडे असं काही नाही यार."

मी प्रोजेक्टसाठी तीन महिने ब्राझीलमध्ये साओ पाउलोला राहून आलो. म्हणजे सुस्कारा टाकायचा रीतसर परवाना आता माझ्याकडेही आहे. पण माझी एक अडचण आहे. मी मनमाडचा आहे.

(हसू नका.)

मनमाड म्हटलं की लोकांना दोन गोष्टी आठवतात. एक, शिर्डीला नाहीतर औरंगाबादला जाताना रात्री अडीच वाजता प्लॅटफॉर्मवर काढलेले तास. दुसरी, पाणीटंचाई. इंजिनिअरिंगला नाशिकला होतो तेव्हा हॉस्टेलवर माझी ओळख "हा मनमाडचा, याला बादलीभर पाण्यात आंघोळ येते" अशी करून दिली जायची. खोटं नव्हतं. उन्हाळ्यात नळाला पंधरा-वीस दिवस पाणी नाही, हे आमच्याकडे संकट नव्हतं, वेळापत्रक होतं. पण या दोन गोष्टींच्या पलीकडे मनमाड काय आहे हे ना विचारणाऱ्याला माहीत असतं, ना बहुतेक वेळा मनमाडकराला सांगावंसं वाटतं. आम्ही स्वतःच म्हणतो, "मनमाडला आहे काय?"

माझं म्हणणं असं आहे की साओ पाउलोला जे आहे ते मनमाडलाही आहे. आकार सोडा, तिथे 1 कोटी 10 लाखांहून जास्त माणसं आणि आमच्याकडे 2011 च्या जनगणनेत 80 हजारांच्या आसपास. पण दोन्हीकडे माणसं ज्या कारणाने गोळा झाली ते कारण एकच आहे. आणि दोन्हीकडे जे सांगायचं टाळलं जातं तेही जवळपास एकच आहे.

आधी साओ पाउलोबद्दल, कारण मित्रांना तेच ऐकायचं असतं.

शहर प्रथमदर्शनी अजिबात सुंदर नाही. रिओसारखा समुद्र नाही, डोंगर नाही. नुसत्या इमारती, नजर जाईल तिथपर्यंत. पण रविवारी पॉलिस्ता अव्हेन्यू हा मुख्य रस्ता गाड्यांना बंद असतो आणि सगळं गाव रस्त्यावर येतं. एका कोपऱ्यावर सांबा, पन्नास पावलांवर कुणीतरी रॉक वाजवतंय, त्याच्या पुढे अँडीजकडची बासरी, मधून लहान पोरं स्केटिंग करत सुटलेली. दर आठवड्याला गल्लीबोळांत भाजीबाजार भरतो, त्याला फेइरा म्हणतात. तिथे 'पास्तेल' नावाचा एक प्रकार खायचा असतो: मैद्याची पातळ पारी, आत खिमा नाहीतर चीज, आणि कडकडीत तेलात तळलेली. चिनी आणि जपानी लोकांनी तो तिथे रुजवला असं सांगतात. आणि त्याच्याबरोबर काय पितात माहितीये? उसाचा रस! चरकातून काढलेला, वर लिंबू पिळून. तेरा-चौदा हजार किलोमीटर जाऊन मी रसवंतीवर उभा होतो. फक्त घुंगरू नव्हते :)

इटालियन लोकांनी तिथे पिझ्झा इतका आपलासा केला आहे की साओ पाउलोवाले तो मूळचा आपलाच असल्यासारखे भांडतात. लेबनॉन-सीरियातून आलेल्यांची 'एस्फिहा' आपल्याकडच्या समोशासारखी कुठेही मिळते. लिबरदादे नावाच्या भागात लाल जपानी कमान, कंदिलाच्या आकाराचे दिवे, जपानी पाट्या. आमच्या क्लायंटकडचा एक डेव्हलपर दिसायला पक्का जपानी, पण आयुष्यात कधी जपानला गेला नव्हता. त्याची पणजी बोटीने आली. जपान्यांची पहिली बोट, कासातो मारू, 18 जून 1908 रोजी सांतोस बंदराला लागली, तिच्यात 781 माणसं होती. हे आकडे तिथे शाळेतल्या मुलांनाही पाठ असतात.

एकदा जेवताना त्यानेच विचारलं, "तुझं गाव कसं आहे?"

मी सवयीने म्हणालो, छोटं आहे, रेल्वेचं जंक्शन आहे, पाणी कमी आहे. तो म्हणाला, "आणि माणसं कुठली आहेत?"

हा प्रश्न मला भारतात कुणी विचारला नव्हता. आपल्याकडे "तुम्ही कुठले" विचारतात, त्यामागे बहुतेकदा आडनाव चाचपायचं असतं. "गावातली माणसं कुठून आली" असं कुणी विचारत नाही, कारण गावातली माणसं गावातलीच असतात हे आपण धरून चाललेलो असतो. म्हटलं सांगूया. आणि सांगता सांगता यादी लांबत गेली.

माझे आजोबा खानदेशातून आले, रेल्वेच्या इंजिनिअरिंग वर्कशॉपमध्ये फिटर होते. या वर्कशॉपमध्ये रेल्वेच्या पुलांचे लोखंडी गर्डर तयार होतात. तुम्ही मध्य रेल्वेने प्रवास केला असेल तर मनमाडच्या लोखंडावरून कधी ना कधी गेलेला असणार. आमच्या क्वार्टरच्या एका बाजूला तमिळ गार्डकाका, दुसऱ्या बाजूला भुसावळकडचं कुटुंब. मागच्या लाईनीत एक गोव्याची ख्रिश्चन मावशी, नाताळात तिच्याकडून ताट यायचं आणि दिवाळीत आमच्याकडून जायचं. अँग्लो-इंडियन ड्रायव्हर आणि फोरमन आजोबांच्या वेळी बरेच होते. नंतरच्या पिढ्यांत त्यांची घरं ऑस्ट्रेलियाला, इंग्लंडला पांगली. बाजारात मारवाडी आणि गुजराती पेढ्या. निजामाच्या रेल्वेमुळे हैदराबादकडून आलेली कुटुंबं, त्यांची उर्दू वेगळी आणि मालेगावच्या विणकरांची वेगळी. अन्न महामंडळाच्या गोदामांत हमाली करणारे मराठवाड्यातले. (ही गोदामं आशियात सर्वांत मोठी आहेत असं प्रत्येक मनमाडकर पाहुण्याला सांगतो. सांगू द्यावं.) पानेवाडीला तेल कंपन्यांचे डेपो, मुंबईहून पाईपलाईनने इंधन येतं आणि टँकरने पुढे जातं, त्यामुळे देशभरचे ड्रायव्हर. आणि गुरुद्वारा. नांदेडच्या हुजूर साहिबला जाणारे शीख यात्रेकरू मनमाडच्या गुप्तसर साहिब गुरुद्वाऱ्यात थांबतात. गुप्त सर म्हणजे लपलेलं सरोवर. पाण्यासाठी टाहो फोडणाऱ्या गावात या नावाचं तीर्थ आहे, आणि मनमाडकर यावर विनोदही करत नाहीत, इतकं ते अंगवळणी पडलंय. भर गावात एक एकात्मता चौकही आहे. नाव ऐकून सरकारी वाटतं खरं.

तो जपानी वळणाचा ब्राझिलियन ऐकून म्हणाला, "म्हणजे तुमच्याकडेही रेल्वेनेच आणली माणसं."

तिथून पुढचं खरं तर त्याने आणि मी मिळून जुळवलं. 1865 च्या 1 जानेवारीला आपला थळ घाट, म्हणजे कसारा घाट, रेल्वेला खुला झाला. जी.आय.पी. ही इंग्रज कंपनी, आणि तिला घाट चढून जायचं होतं ते खानदेश-वऱ्हाडच्या कापसासाठी. त्यानंतर दोनच वर्षांनी, 1867 मध्ये, ब्राझीलमध्ये साओ पाउलो रेल्वे सुरू झाली. ती कंपनीही इंग्रज. तिलाही सांतोस बंदरातून सरळसोट घाट चढायचा होता, दोर लावून डबे वर ओढायचे, कशासाठी तर कॉफीसाठी. बंदर, घाट, घाटावरचं पठार आणि पठारावरून खाली न्यायचा माल. नकाशे शेजारी ठेवले तर एकाच आर्किटेक्टने डिझाईन केल्यासारखे दिसतात. आणि एका अर्थाने केलंच होतं, लंडनमध्ये बसून.

आता थोडं तांत्रिक, पण वगळू नका, कारण माझा सगळा मुद्दा इथे आहे.

मनमाड नुसतं मुंबई-भुसावळ लाईनवरचं स्टेशन राहिलं असतं तर ते मनमाड झालं नसतं. 1878 ला दौंडहून येणारी लाईन तिथे जोडली गेली. मग 1900 च्या सुमारास हैदराबादहून निजामाची गोदावरी खोऱ्यातली रेल्वे मनमाडला येऊन मिळाली. आणि ती मीटरगेज होती. मुख्य लाईन ब्रॉडगेज, रुळांतलं अंतर 5 फूट 6 इंच. निजामाची लाईन 1 मीटर. म्हणजे मराठवाड्यातून आलेला एकही डबा मुंबईकडे सरळ जाऊ शकत नव्हता. प्रत्येक पोतं, प्रत्येक गाठ, प्रत्येक पेटी मनमाडला एका वाघिणीतून उतरवून दुसरीत भरायची. प्रत्येक माणसाने मनमाडला उतरायचं, सामान डोक्यावर घ्यायचं, पलीकडच्या गाडीत बसायचं. ती लेट असेल तर थांबायचं. थांबलं की चहा लागतो, खोली लागते, नमाजाला जागा लागते, जेवण लागतं, आणि ते कुणी शाकाहारी मागतं, कुणी हलाल मागतं.

आपल्या भाषेत सांगायचं तर दोन सिस्टिम्सचे फॉरमॅट जुळत नव्हते आणि मनमाड हा मधला कन्व्हर्टर होता. नव्वद वर्षं चालणारा, पूर्णपणे मॅन्युअल.

बहुरंगी शहरं अशी तयार होतात. माणसं उदार असतात म्हणून होत नाहीत. कुठेतरी काहीतरी जुळत नाही, तिथे थांबावं लागतं, थांबल्यावर काम निघतं आणि कामाला मिळेल तो माणूस घेतला जातो. साओ पाउलोलाही हेच झालं. ब्रास भागात 1887 मध्ये बाहेरून येणाऱ्यांसाठी एक प्रचंड मोठी धर्मशाळा सुरू झाली, रेल्वेला लागूनच. बोटीने आलेला माणूस सांतोसला गाडीत बसायचा, थेट धर्मशाळेच्या फलाटावर उतरायचा, काही दिवस राहायचा, आणि तिथूनच कुठल्यातरी कॉफीच्या मळ्यावर काम धरायचा. 1978 ला बंद होईपर्यंत 25 लाखांच्या आसपास माणसं त्या इमारतीतून गेली. आता तिथे म्युझियम आहे. मी रविवारची अख्खी दुपार तिथे काढली. कलीग समुद्रावर गेले होते, त्यांनी मला वेड्यात काढलं, असो.

पण त्या म्युझियममध्ये फिरताना एक प्रश्न सतत डोक्यात होता. इटलीहून, जपानहून माणसं आणायची गरजच काय पडली? मळ्यांवर त्याआधी काम कोण करत होतं?

गुलाम करत होते. ब्राझीलने गुलामगिरी कायद्याने संपवली ती 13 मे 1888 ला, म्हणजे धर्मशाळा सुरू झाली त्याच्या पुढच्या वर्षी. मळेवाल्यांनी आणि सरकारने मोकळ्या झालेल्या काळ्या माणसांना मजुरी देऊन कामावर ठेवण्याऐवजी सरकारी खर्चाने युरोपातून गोरे मजूर आणले. विविधतेचा जो सोहळा आपण फोटोत टिपतो त्याची पहिली पायरी ही आहे. लिबरदादेच्या ज्या चौकात शनिवार-रविवारचा जपानी बाजार भरतो तिथे एके काळी फासावर देण्याची जागा होती, आणि जवळच गुलामांची आणि गोरगरिबांची स्मशानभूमी. लिबरदादे म्हणजे स्वातंत्र्य. बाजारापासून दोन मिनिटांवर एका बंद बोळाच्या टोकाला एक छोटं चॅपेल उरलंय. 2018 मध्ये त्याच्या शेजारी बांधकामासाठी खोदताना नऊ सांगाडे सापडले. त्याच 2018 मध्ये तिथल्या मेट्रो स्टेशनच्या नावात 'जपान' हा शब्द जोडला गेला आणि काळ्या संघटनांनी विचारलं, आमचं काय? मला तो प्रश्न अगदी बरोबर वाटला.

आता परत मनमाडला या.

12 आणि 13 फेब्रुवारी 1938 ला मनमाडला जी.आय.पी. रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांची परिषद भरली. अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर. (येवला, जिथे त्यांनी 1935 मध्ये धर्मांतराची घोषणा केली, ते मनमाडहून पंचवीस-तीस किलोमीटरवर.) कामगारांचे शत्रू दोन, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही, हे त्यांनी मांडलं ते याच भाषणात, हे बऱ्याच जणांना माहीत असतं. पण त्या भाषणातला दुसरा एक भाग मला जास्त अस्वस्थ करतो, कारण तो अगदी साधा, नोकरीच्या तपशिलाचा आहे. अस्पृश्य माणूस रेल्वेत लागला तर गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच निवृत्त होतो. त्याला पोर्टरसुद्धा होता येत नाही. का? तर स्टेशन मास्तर पोर्टरकडून घरची कामं करून घेतो. आणि मास्तर असतो सवर्ण. अस्पृश्य पोर्टर घरात कसा चालेल? म्हणून पोर्टरची नोकरीच नाही.

म्हणजे बघा, ज्या फलाटावर सगळ्या जातीधर्माची माणसं खांद्याला खांदा लावून गाडीची वाट बघत होती, त्याच फलाटावर कंदील कुणी धरायचा आणि उन्हात खडी कुणी ठोकायची हे एका घराच्या उंबरठ्यावर ठरत होतं. गाडी सगळ्यांची होती, नोकरी सगळ्यांची नव्हती. मनमाडच्या एकोप्याचं कौतुक करणारी भाषणं मी लहानपणापासून ऐकली आहेत. एकोपा खराच आहे. पण 1938 ची ती परिषद याच गावात झाली हे त्याच दमात सांगितलं पाहिजे, नाहीतर आपणही लिबरदादेच्या चौकात कंदिलांचे फोटो काढणारे पर्यटकच.

आणि हे सगळं जुनं झालं असं वाटत असेल तर आपल्या लिफ्टकडे बघा. साओ पाउलोच्या जुन्या इमारतींमध्ये दोन लिफ्ट असतात. एक 'सोशल', एक 'सर्व्हिस'. मालक एकीने, मोलकरीण दुसरीने, आणि कुणी कुठली वापरायची हे पुष्कळदा कातडीचा रंग बघून ठरायचं. 1996 मध्ये महापालिकेने कायदा करून लिफ्टमधल्या या भेदभावाला बंदी घातली. आमच्या भाड्याच्या इमारतीत लिफ्टच्या शेजारी त्या कायद्याची पाटीच लावलेली होती. मी तिचा फोटो काढून आमच्या पुण्याच्या सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. आमच्याकडेही सर्व्हिस लिफ्ट आहे, आणि "मेड्स अँड डिलिव्हरी ओन्ली" असा कागद चिकटवलाय. ग्रुपवर नेहमी गुड मॉर्निंगचा पूर असतो. त्या फोटोवर चार तास शांतता. मग एक काका म्हणाले, "हायजीनचा प्रश्न असतो." ही सोसायटी फ्लॅट विकताना जाहिरातीत स्वतःला कॉस्मोपॉलिटन म्हणवते. पंधरा राज्यांतली माणसं राहतात, हे खरंय. लिफ्टमध्ये भेटल्यावर सगळे फोनमध्ये बघतात.

मला मनमाड आणि हिंजवडी यांतला फरक इथे दिसतो. आमच्या क्वार्टरच्या लाईनीत तमिळ काकांना आमच्याशी बोलावंच लागायचं. नळ एकच होता, पाळी एकच, टँकर आला की सगळ्यांनी धावायचं. काकूंना पहिलं मराठी वाक्य आलं ते "आमचा हंडा आधी होता" हे, असं माझी आई अजून सांगते. त्यांची मुलं मराठी शाळेत गेली, आणि आज त्यांच्या मराठीत जेवढा मनमाडी हेल आहे तेवढा माझ्यातही उरलेला नाही.

मराठी आली पाहिजे की नाही यावर सध्या जोरात भांडणं चालू आहेत. माझं मत लपवण्यासारखं नाही: महाराष्ट्रात राहणाऱ्याला मराठी आली पाहिजे. पण ती कशी येते याचा अनुभव मनमाडइतका क्वचित कुठल्या गावाला असेल. ब्राझीलने हे सक्तीने करून पाहिलं. 1938 पासून, म्हणजे मनमाडला परिषद भरली त्याच वर्षापासून, व्हार्गासच्या सरकारने परकीय भाषांतल्या शाळांवर बंदी आणली, जपानी, जर्मन, इटालियन शाळा बंद पडल्या. माझ्या त्या कलीगच्या घरात जपानी दोन पिढ्यांत संपली. तो पोर्तुगीज उत्तम बोलतो, पण म्हणाला की आजी शेवटी आजारी असताना फक्त जपानी बोलायला लागली आणि घरात कुणालाच कळत नव्हतं ती काय मागतेय. आमच्या तमिळ काकू फोनवर बहिणीशी तमिळ बोलायच्या, भाजीवाल्याशी मराठी, आणि नवऱ्यावर चिडल्या की दोन्ही. त्यांच्यावर कुणी सक्ती केली नव्हती. हिंजवडीत दहा वर्षं राहून मराठी न येणारे माझे मित्र वाईट नाहीत. त्यांना मराठीची गरज पडेल अशी एकही जागा आपण शिल्लक ठेवलेली नाही. भाजी ॲपवर, पाणी पाईपातून, शाळा इंग्रजी.

मग मनमाडचं आज काय? इथे मात्र मला सुस्कारा टाकावासा वाटतो. नव्वदच्या दशकात मनमाडहून मराठवाड्याकडे जाणारी मीटरगेज ब्रॉडगेज झाली. चांगलंच झालं. डबे सरळ जायला लागले. सचखंड एक्सप्रेस नांदेडहून थेट अमृतसरला जाते. 2009 मध्ये शिर्डीला स्वतःचं रेल्वे स्टेशन झालं आणि शिर्डीचा बराचसा प्रवासी मनमाडला न उतरता जायला लागला. इंटिग्रेशन पूर्ण झालं की मधल्या कन्व्हर्टरचं काय होतं हे आपल्याला माहीतच आहे. सर्व्हर चालू राहतो, पण त्यावर लोड येत नाही, आणि मग एक दिवस कुणीतरी बजेट मीटिंगमध्ये विचारतं, हा बॉक्स अजून कशाला ठेवलाय?

गाव ओस पडलेलं नाही. जंक्शन जागं असतं, गोदामं भरतात, टँकर निघतात, पंचवटी एक्सप्रेस सकाळी पासवाल्यांना घेऊन नाशिक-मुंबईला जाते. पण नव्या माणसाने येऊन राहावं असं कारण कमी झालं. आणि आतली माणसं बाहेर निघाली. माझ्या दहावीच्या वर्गातले बहुतेक पुण्या-नाशिकला, काही ठाण्याला, दोन कॅनडात. गार्डकाकांची मुलगी चेन्नईला, म्हणजे आजोबांच्या मुलखात, आणि तिथे तिला मराठी मंडळात घेतलंय. मी स्वतः पुण्यात बसून हे लिहितोय. त्यामुळे "तरुणांनी गावाकडे परतलं पाहिजे" वगैरे सल्ला मी देणार नाही, कुणी दिला तर ऐकणारही नाही. जिथे महिन्यातून दोनदा पाणी यायचं तिथे कंपनी काढ म्हणणाऱ्याने आधी तिथे एक मे महिना काढावा.

माझी मागणी त्यापेक्षा फार साधी आहे. साओ पाउलोने आपल्या धर्मशाळेचं म्युझियम केलं. आलेल्यांच्या नोंदी जपल्या, लोक तिथे जाऊन पणजोबाची बोट शोधतात. मी तिथे एका म्हातारीला एका ओळीवर बोट ठेवून रडताना पाहिलं. मनमाडमध्येही हे होऊ शकतं. मीटरगेजच्या काळातल्या हमालांपैकी, फायरमनपैकी, गँगमनपैकी जे आज ऐंशीच्या पुढे आहेत त्यांच्याकडे फोन घेऊन बसायला कुणाची परवानगी लागत नाही. वर्कशॉपमधला कुठला फिटर कुठून आला, 1938 च्या परिषदेला कुणाचे वडील गेले होते, हे अजून काही घरांत ऐकायला मिळू शकतं. मी माझ्या आजोबांपासून सुरुवात केली असती, पण ते 2019 ला गेले. आता वडिलांच्या बरोबरीच्या निवृत्त लोकांपासून करतोय. आत्तापर्यंत साडेसहा तासांचं रेकॉर्डिंग झालंय, त्यात दीड तास नुसत्या खोकल्याचा आणि चहाच्या आवाजाचा आहे. ज्यांच्या घरी रेल्वेवाले आजी-आजोबा आहेत त्यांनी आपापलं सुरू करावं. भुसावळवाल्यांनी, इगतपुरीवाल्यांनी, दौंडवाल्यांनीसुद्धा.

आणि बाकीच्यांसाठी: कधी मनमाडला गाडी बदलताना तीन-चार तास मिळाले तर वेटिंग रूममध्ये फोन चार्ज करत बसू नका. बाहेर या. आकाश स्वच्छ असेल तर एक सुळका अंगठ्यासारखा वर आलेला दिसेल, ती हडबीची शेंडी. त्याच रांगेत अंकाई-टंकाई, पोटात जैन लेणी असलेली किल्ल्यांची जोडी. त्यासाठी अख्खा दिवस लागतो, ते पुढच्या खेपेला. आत्ता रिक्षावाल्याला गुरुद्वारा म्हणा. लंगरमध्ये पंगतीत बसा. शेजारी पंजाबचा यात्रेकरू असेल, पानेवाडीचा टँकर ड्रायव्हर असेल, कदाचित कॉलेजची दोन मनमाडी पोरं. विचारा, कुठून आलात. डाळ दुसऱ्यांदा वाढतात, नको म्हणू नका. ताट आपलं आपण उचलून न्यायचं असतं, आणि डोक्याला बांधायला रुमाल नसला तरी चालतं, दाराशीच ठेवलेले असतात.